मामा, अलार्म बसवायचं लायसन मिळालं

सिंगापूर, ऑक्टोबर २०१६

तीर्थरूप दीनानाथमामांना बाळूचा साष्टांग नमस्कार (जागा अरुंद आहे, बसूनच घालतोय, मानून घ्या). गुडघा कसा आहे? मामी अजून मिरज स्टँडसमोर कुलूपदुरुस्तीची छत्री लावू देतात ना? या पत्राचा फोटो तुमच्या उर्मिलेच्या फोनवर पाठवतोय. तिने मोठ्याने वाचावं, मधलं गाळू नये.

तर मामा, लायसन मिळालं! तुमच्याकडे कुणीही यावं, तुम्ही तार घालावी, कुलूप उघडावं. इथे लोकांच्या घरात चोराचा अलार्म बसवायचा तर आधी पोलिसांची चौकशी, मग शिकवणी, मग तोंडी परीक्षा. नापास झालास तर परतीचं तिकीट, असं साहेबाने सांगूनच ठेवलेलं. आणि निघताना तुम्ही म्हणाला होतात, "कुलूप माणसाला बाहेर ठेवतं. तुझी अलार्मची पेटी तो आत आल्यावर बोंबलणार. येशील महिन्यात परत." ते मी विसरलेलो नाही.

परीक्षेच्या तोंडावर दसरा आला. इथल्या पुंगोल भागात विनीताताई म्हणून आपलं मराठी गिऱ्हाईक आहे, त्यांच्या फ्लॅटमध्ये त्याच दिवशी शिकाऊ म्हणून अलार्म बसवला. हत्यारांची पूजा चुकवायची नाही ही तुमचीच शिकवण, म्हणून तिथेच पक्कड, ड्रिल मांडून हळदकुंकू वाहिलं. ताई म्हणाल्या, नव्या वस्तूलाही हार हवाच. मलाही पटलं. भिंतीवरच्या सेन्सरला (घरात काही हललं की हा अलार्मला कळवतो) झेंडूचा हार घातला, पाया पडलो, निघालो. ताई अलार्म लावून देवळात गेल्या, एसी तसाच चालू. वाऱ्याने हार डुलायला लागला आणि सेन्सरला वाटलं माणूस फिरतोय. असा बोंबलला की अख्खा मजला लिफ्टपाशी गोळा झाला. शेजारच्या चिनी आजी हातात इस्त्री घेऊन उभ्या होत्या. साहेबाने मला परत बोलावलं, हार काढून माझ्या हातात दिला, आणि पुन्हा तिकिटाचं बोलला.

परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं, चोर नसताना अलार्म का वाजतो? आधीची पोरं पाठ केलेलं सांगून गेली, पडदा, मांजर, फुगे. मी म्हटलं, झेंडू. त्यांना कळेना. मग मी उभं राहून हार, एसी, आजी, इस्त्री, सगळं करून दाखवलं (इंग्रजी कमी पडलं तिथे हात वापरले). बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग सेन्सर कुठे लावायचा, एसीपासून किती लांब, सगळं खोदून विचारलं, मी बरोबर सांगितलं. म्हणाल्या, "धिस वन कॅन, लाह." म्हणजे पास! साहेबाने स्वतः चिकन राइस खाऊ घातला. छत्रीवर आता पाटी लावा, भाचा सिंगापूरचा लायसनवाला.

आपला,
बाळू (लायसनवाला)

ता. क. – आनंदाच्या भरात माझ्या खोलीलाही अलार्म बसवला. तो सुरू करून चपात्या आणायला बाहेर पडलो आणि दार आपोआप लागलं. किल्ली आत. लायसनही आत, आणि अलार्म बंद करायचा नंबर मी लायसनच्याच पाठीवर लिहिलाय. सध्या जिन्यात बसलोय.

आणखी ता. क. – इथला कुलूपवाला आधी विचारणार, खोली तुझी कशावरून? कागद सगळे आत. साहेबाला सांगायची हिंमत नाही. तेव्हा मामा, तार कुठे वाकवायची तेवढं लगेच फोन करून सांगा. कुलूप माणसाला बाहेर ठेवतं हे तुमचं खरं, कबूल. पण दार उघडलं की फोन ठेवू नका. माझी पेटी कशी बोंबलते तेही ऐका.