मागून ढकलणारी गाडी

६ नोव्हें.
सकाळी ड्रायव्हिंग क्लासच्या दोन बॅच. नवीन बाईले क्लच अजून सुटत नाही, पण आज रडली नाही. दुपारी रशीदभाईचा गॅरेजमधून फोन. डॉक्टरकाकाची लाल दोन सीटची गाडी तयार झाली, पण चालवाले माणूस पाहिजे, म्हणे. त्यानं मले न विचारताच माझं नाव सांगून टाकलं.

डॉक्टरकाका म्हणजे लहानपणी मले सुया टोचणारे. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं डोळे गेले. आता उजेड अन् अंधार, एवढंच समजते. लायसन त्यायनं स्वतःच आरटीओत नेऊन दिलं. गाडी मात्र ठेवली.

हो म्हटलं. बारा वर्षं झाली बायकायले गाडी शिकवून राह्यली, ही काय वेगळी राहणार.

७ नोव्हें.
वेगळीच आहे.

साडेसहाले निघालो, घाटंजी रोड. सीट इतकी खाली की पाय पसरून सतरंजीवर बसल्यासारखं. बोनेट लांबच लांब. काका बाजूले, टोपी मांडीवर, डोळे मिटलेले. पहिल्या चार वळणायले काही बोलले नाहीत. पाचव्याले म्हणाले, "वळणात ब्रेक मारून राह्यली तू. ब्रेक आधी, सरळ रस्त्यावर. मग वळ."

हेच वाक्य मी रोज बायकायले सांगते. कान गरम झाले.

माझ्या क्लासच्या गाडीत समोरचीच चाकं वळतात अन् तीच गाडीले ओढतात. हिच्यात समोरच्यायले फक्त वळाचं काम. ढकलाचं काम मागची करतात. म्हणून स्टेरिंग हातात एकदम मोकळं, खडी लागली तरी बोटायले समजते. बाकी सारं कमरेत समजते. माझी सीटच मागच्या चाकायच्या जवळ.

११ नोव्हें.
चौथी फेरी. आज एक वळण जमलं.

टेकडीच्या पायथ्याचं लांब डावं. आधीच हळू केली, तिसऱ्या गिअरात टाकली, स्टेरिंग वळवलं अन् रेस तेवढीच धरून ठेवली. अर्ध्यावर वळणाचा शेवट दिसला, तशी स्टेरिंग सोडत सोडत रेस वाढवली. गाडी मागून बसली, रस्त्याले धरून. पाठीवर कोणी तळहात ठेवून पुढं लोटावं तसं. पन्नासच्या वर काटा नव्हता, तरी हसू आलं. काका पण हसले. त्यायले मी हसलेली दिसली नाही, म्हणून बरोबरच हसलो असं म्हणावं लागेल.

येतांना सगळी वळणं ते आधीच सांगत होते. उजवं, मग आखूड डावं, मग पूल. पुलावर आवाज बदलते, म्हणे.

घरी पोहोचवलं तर स्वयंपाकवाल्या मावशीनं हात धरून पायऱ्या चढवल्या. उंबरठा आला सांगितलं, खुर्ची आली सांगितलं. माणूस एकदम म्हातारं दिसलं.

१५ नोव्हें.
लिहून ठेवते.

उजवं वळण. कोणाच्या तरी टँकरनं पाणी सांडत नेलं होतं, रस्ता ओला. अर्ध्या वळणात असतांना समोर शेळ्या. मी झटक्यात रेस सोडली. बारा वर्षांची सवय. मागची बाजू डावीकडं सरकली. आवाज नाही, धक्का नाही. कमरेखालून सतरंजी ओढल्यासारखं. समोरच्या काचेत रस्त्याऐवजी तुरीचं वावर.

"ब्रेक नको," काका म्हणाले. रोजच्याच आवाजात. "जिकडं जायचं तिकडं पाह्य."

मी रस्त्याकडं पाहिलं. हात आपोआप डावीकडं गेले, गाडी सरळ झाली, पुन्हा उलटी हलली, मग शांत. थांबवली. शेळ्या गेल्या. शेळ्यावाली आजी आमच्याकडं पाहून काही तरी म्हणाली, ते ऐकू न आलेलंच बरं.

काकांनी विचारलं, चुकलं कुठं? मले माहीत होतं. पुढून ओढणारी गाडी वळणात बाहेर पळाली, तर रेस सोडली की तोंड आत येते. हिच्यात तसं केलं की सगळं वजन पुढं जाते, मागचं हलकं होते अन् सुटते. जे मी शेकडो बायकायले शिकवलं, तेच हिच्यात उलटं पडते.

"तुम्हाले भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण सरकली तवा तुझ्या आधी मले समजलं. लय दिवसांनी कोणाच्या आधी काही समजलं."

१७ नोव्हें.
रशीदभाईनं टायर पाहिले, ठीक आहेत. मग तोच मले बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात घेऊन गेला. दोन ड्रम पाणी ओतलं अन् म्हणे, घ्या ताई, येथं पाहिजे तेवढी सरकवा. सकाळभर गोल गोल. पहिल्यांदा पूर्ण फिरून गाडीचं तोंड आल्या दिशेले. विसाव्या खेपेले, मागचं सुटाच्या आधीच मले समजाले लागलं. रेस एकदम सोडाची नाही, हळूच कमी कराची. हात सैल. नजर दूर.

आज क्लासमध्ये त्या नवीन बाईवर एकदाही चिडली नाही.

२० नोव्हें.
काकांची पोरगी केतकी नागपूरहून आली. घसरल्याचं काकांनीच तिले फोनवर सांगितलं, मोठ्या कौतुकानं. तिनं ते तसं घेतलं नाही.

मले बोलावून चांगल्या शब्दांत बोलली. रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिच्याजवळ गाडीले ग्राहक आहे. म्हणाली, "बाबांना दिसत नाही. त्यांना काही झालं तर मी काय करू? आणि ही गाडी आता नेमकी कोणासाठी ठेवायची?"

काका तिथंच बसले होते. मी एवढंच म्हटलं, तुम्ही एकदा माझ्यासोबत बसा.

२१ नोव्हें.
बसली. दोनच सीटा, म्हणून काका घरी राह्यले.

आधी दाराचं हँडल गच्च धरून. मी घाई केली नाही. ब्रेक आधी, मग वळण, मग हळूच रेस. सहाव्या-सातव्या वळणाले तिचा हात सुटला. लहानपणी हिच्यात तिले उलटी व्हायची, म्हणे, म्हणून ती पुढं कधी बसलीच नाही. बाबा एकटेच जायचे.

टेकडीजवळ थांबलो. तिनं विचारलं, ते नुसते बाजूला बसतात, त्यांना काय मिळतं?

मी विचार करून सांगितलं. "घरात सगळे त्यायले हात धरून नेतात. गाडीत ते मले नेतात."

ती म्हणे, चला.

२३ नोव्हें.
आज काकांनी वेगळंच काढलं. मी एकटीनं चालवाची, त्यायले बाहेरून ऐकाचं आहे. केतकी तिच्या गाडीत त्यायले घेऊन गेली. लांब डाव्या वळणाच्या आतल्या अंगाले, रस्त्यापासून दूर, कपाशीच्या बांधावर दोघं उभी. तिनं त्यांचा दंड धरलेला.

या रस्त्यावर बाजूची सीट पहिल्यांदाच रिकामी. दोन फेऱ्या मारल्या. दुसरी चांगली झाली, मले समजलं.

थांबून जवळ गेली. काकांचं तोंड अजून रस्त्याकडंच. म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली घेऊन. मी हिले बाहेरून कधी ऐकलंच नव्हतं."

केतकीले हळूच विचारलं, ग्राहकाचं काय. उद्या गाडी पाहाले येऊन राह्यले, म्हणे.

तेवढ्यात काका म्हणाले, रेस थोडी उशिरा दिली तू, अजून एकदा जा. मी निघाली. आरशात दिसलं, केतकीनं दंड सोडला होता अन् ती पण त्यांच्यासारखेच डोळे मिटून उभी होती.