पडद्यामागचा अर्धा डेसिबल

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा अँप्लिफायर व स्पीकर दुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. कान थोडे उतरलेत, पण कायद्याला कानांशी घेणंदेणं नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. बायको दोनदा डोकावून "झालं का लिहून?" विचारून गेली, ते दडपण धरू नये.

कलम १. राहतं घर, खालच्या दुकानासह, पत्नीला तहहयात. तिने चाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर माझी उघडी यंत्रं खपवून घेतली. तिच्या पश्चात मुलगा व मुलगी यांना निम्मं निम्मं. ती असेपर्यंत घर विकायचा विषय कोणी आडूनसुद्धा काढू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना सारखी. यावर मला काही बोलायचं नाही.

कलम ३. मी बांधलेला जुना अँप्लिफायर, वजन अठ्ठावीस किलो, माझ्या साडूला. त्याच्या आवाजाला साडू आयुष्यभर 'उबदार' म्हणत आला. उबदार तो आहेच, थंडीत मांजर त्याच्यावरून उठत नाही. साडूने तो स्वतः उचलून न्यावा, मुलाला हाक मारू नये. तीस वर्षं त्याने मला न विचारता मतं दिली, त्याची एवढी फेड मला करू द्या.

कलम ४. कपाटातले विकतचे दोन क्लास डी अँप्लिफायर मुलाला. क्लास डी म्हणजे सेकंदाला लाखो वेळा वीज चालू-बंद करून आवाज मोठा करणारं यंत्र. त्यामुळे ते फारसं तापत नाही आणि जाडजूड पुस्तकाएवढ्या पेटीत मावतं. काळ्यावर झांज टोचते, पण ठेका घट्ट येतो. रुपेरीवर गाणाऱ्याचा श्वास कळतो, मात्र आवाज वाढवला की तो दमतो. मुलाला यातला फरक कळणार नाही, हे मी प्रेमाने लिहीत आहे.

कलम ५. हे लेकीविषयी. खरं तर यासाठीच कागद घेऊन बसलो.

अकरा वर्षांपूर्वी लेकीने स्वतः एक क्लास डी अँप्लिफायर तयार केला. दोन वर्षं त्यावर खपली. तसेच आणखी बनवून माझ्या दुकानातून विकायचे, असं तिच्या मनात होतं. मी तेव्हा भेटेल त्याला सांगायचो, क्लास डीच्या आवाजात जीव नसतो. शेवटी ती म्हणाली, पडदा लावू. मागे एक तुमचा, एक माझा. स्पीकर तेच, गाणं तेच. ऐकणाऱ्याने आवडेल तो कागदावर लिहायचा. ऐकायला पाच जण बसले: बायको, साडू, दोन जुनी गिऱ्हाइकं आणि लेक स्वतः. पडद्यामागे मी.

अशा तुलनेत एक गोष्ट पाळावीच लागते. मीटर लावून दोन्हींचा आवाज तंतोतंत सारखा करायचा. कारण किंचित मोठा आवाज माणसाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. भरलेला, जिवंत वाटतो. हे ती शाळेत असताना मीच तिला शिकवलं होतं. मीटरचं काम तिने माझ्यावर सोपवलं. बापावर कशाला संशय घेईल?

मी मीटर लावला, दोन्ही सारखे केले. मग माझ्या अँप्लिफायरचं बटण अर्धा डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकंच, वर सरकवलं.

पाचही जणांनी माझाच निवडला. लेकीनेसुद्धा. पडदा काढल्यावर ती स्वतःच्या अक्षरातल्या त्या कागदाकडे बघत राहिली. मीटर लावला होता ना, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हणालो. "मला कानच नाही," असं म्हणून तिने तिच्या अँप्लिफायरची पेटी माळ्यावर टाकली आणि लिफ्टच्या देखभालीची नोकरी धरली. गाणी ऐकणंही सोडलं. मी मात्र ती गोष्ट दुकानात रंगवून सांगत राहिलो. मला त्याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात पेटी माळ्यावरून काढली. माझा आणि लेकीचा आलटून पालटून लावायला बायकोला पडद्यामागे बसवलं, आवाज या वेळी इमानाने सारखे केले. वीसदा ऐकलं, अकरादा ओळखलं, नऊदा चुकलो. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेच. विकतच्या दोन्हींपेक्षा लेकीचा सरळसरळ उजवा निघाला.

इथवर लिहिलेलं बायकोने वाचलं. त्या अर्ध्या डेसिबलचं तिला काही माहीत नव्हतं. खुर्ची ओढून ती समोर बसली.

"हे मेल्यावर सांगणार? मग तिने भांडायचं कोणाशी?"

मी लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली. मग तिने विचारलं, किती वाढवला होता. अर्धा डेसिबल, मी म्हणालो.

"म्हणजे मला तो ऐकू आला होता," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडलो. माफीबद्दल ती काही बोलली नाही.

कलम ६. हत्यारांची वाटणी करायचं कारण उरलेलं नाही. लेक काल सकाळी आली. सोल्डरिंग आयर्न, मीटर, पकडी, स्क्रूच्या डब्या, सगळं तिने पिशव्यांत भरलं आणि तिची पेटी काखेत मारली. मी म्हणालो, अगं, हे मी मृत्युपत्रात तुझ्याच नावावर करत होतो.

"तुमच्या मरणाची वाट बघत बसू? आधीच अकरा वर्षं गेलीत माझी."

सबब सदर हत्यारं आज रोजी माझ्या मालकीची नाहीत आणि त्यांवर माझ्या कोणाही वारसाचा हक्क पोचत नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, बरोबर आहे, म्हणून दोघांसमक्ष सही करत आहे.

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार: १. वकीलबाई २. शेजारच्या दुकानातले घड्याळजी

ठिकाण: दुकान, रिकाम्या टेबलापाशी
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सकाळी अकरा