आजचं खरं

७ जानेवारी १९९६, रविवार
पाहुणे येऊन गेले. पनवेलचे. मुलगा प्रशांत, तळोज्याला केमिकल कंपनीत लॅबमध्ये. बरोबर त्याची आई. स्थळ आत्यानं आणलं, म्हणून ती सकाळीच डोंबिवलीहून हजर. मी कोणती साडी नेसायची ते तिनं ठरवलं. काय बोलायचं नाही तेही.
त्याच्या आईनं विचारलंच. "चौथीपर्यंत घरीच शिकली? शाळा का नाही?"
आमची आई : "प्रकृती नाजूक होती हो. सारखं सर्दीपडसं."
सर्दीपडसं! मला फीट यायची. वर्गात आली तेव्हा बाईंनी "घेऊन जा हिला" म्हणून निरोप पाठवला, म्हणून घरी शिकले. गोळी अजून रोज घेते. आज गोळ्यांची पट्टी मेतकुटाच्या बरणीमागे दडवली होती, चोरीचा माल असल्यासारखी.
मी बशा गोळा केल्या.

१० जाने.
होकार आला. पप्पांनी पेढे आणले. आत्याचा शेजारच्यांकडे फोन : "नीलूला सांगा, आता तोंड उघडू नकोस. लग्न झालं की सगळं निभावतं." ही बाई कुठल्या दुकानातून असलं शहाणपण आणते?
शेवटची फीट एफ.वाय.ला. नंतर नाही. पण गोळी आहे, म्हणजे सांगायला हवं. यात विचार करण्यासारखं काय आहे?
आईचा नेम होता. घरी शिकवायची तेव्हा रोज जेवणाआधी विचारायची, "आजचं खरं?" दिवसातली एक खरी गोष्ट सांगितल्याशिवाय ताट वाढायची नाही. एकदा सांगण्यासारखं काहीच सापडेना म्हणून मी रडले होते. तीच आई आता साखरपुड्याच्या साड्या बघतेय.
आणि मी? भित्री, ढोंगी, लाचार. पेढा खाल्लासुद्धा. दोन.

२० जाने., शनिवार
सोसायटीच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू. या वर्षी वाणाबरोबर 'मनाचं शिबिर'. वाशीहून एक मॅडम आलेल्या. खादीची साडी, कॅसेटवर बासरी, आवाजात मध. "स्वतःला मिठी मारा." तीस बायका गच्चीवरच्या मांडवात स्वतःला मिठ्या मारत बसल्या. मला वाटलं, सगळ्यांना एकदम थंडी वाजली.
मग : "आपली गोष्ट सांगा. पण जवळच्या मैत्रिणीची सांगाल तशी, मायेनं. इथलं इथंच राहील."
बी विंगच्या सावंतकाकूंनी सासूची गोष्ट सांगितली. सासू पुढच्याच रांगेत. मायेचा भाग गाळला.
मी तिळाच्या वड्या वाटायला गेले होते. बोलायचं नव्हतं. मॅडम म्हणाल्या "तू, बाळ?" आणि मी बोलले. सगळं. एक मुलगी होती, असं म्हणून. ती फरशीवर पडायची. डोळे उघडले की आई शेजारी बसलेली. काय झालं हे आई कधी बोलायची नाही. पाढा जिथं तुटला तिथूनच पुढे : "सात पंचे?" आणि ती मुलगी, जीभ चावलेली, लाळ गळतेय, म्हणायची, "पस्तीस."
मग मी वड्यांचं ताट उचललं आणि पुढच्या रांगेत वाटायला लागले.
त्या मुलीला ढोंगी म्हणायची माझी हिंमत नाही. हे मला त्या मधाळ बाईमुळे कळावं, याचाच राग येतोय.

२१ जाने.
'इथलं' दूध केंद्रापर्यंत पोचलं. सावंतकाकू पिशवी सावरत, भर रांगेत : "अगं नीलू, फीट आली की कांदा हुंगवायचा. नाहीतर चप्पल. आमच्या जाऊबाईंच्या भावाला फरक पडला." माया!
आई मागेच उभी होती.
घरी आल्यावर : "बाजार मांडलास! पनवेलला कळलं तर?"
मी : "तूच शिकवलंस ना, आजचं खरं."
आई : "ते घरात सांगायचं, नीलू. घरातलं खरं घरात!"
म्हणजे एवढंच होतं ते. दार लावून बोलायचं खरं. माझं अख्खं शिक्षण त्यावर झालं.

२४ जाने.
माझी थोरवी बघा. ज्या तीस जणींना सांगून काही बिघडत नाही त्यांना सांगितलं. ज्या एकाला सांगायला हवं त्याच्यासमोर बशा उचलल्या.
काय सांगायचं ते लिहून काढलं. 'माझ्यात एक दोष आहे, तो लपवल्याबद्दल क्षमा असावी.' आरोपपत्र. फाडलं. मग त्या पाढेवाल्या मुलीची गोष्ट लिहिली. खरी तेवढीच, पण त्यात मी कुणाची माफी मागत नव्हते.
गेटजवळच्या पीसीओवरून प्रशांतच्या कंपनीत फोन. "मी नीलिमा. नेरूळची." भेटून सांगायचंय म्हटलं, तसा बूथवाला माझ्याकडे बघायला लागला. रविवारी वाशीला भेटतो म्हणाला.

२८ जाने., रविवार
उसाच्या रसाच्या दुकानात. सांगितलं. मधेच स्वतःला शिव्या घातल्या नाहीत. माझ्या मानानं खूप.
त्यानं नीट ऐकलं. "गोळी कायम?" "बहुतेक." "पुन्हा येऊ शकते?" "येऊ शकते." ग्लास फिरवत बसला. मग :
"मला चालेल असं वाटतंय. पण आईला... तुम्हीच सांगाल का? मला नाही जमणार."
अठ्ठावीस वर्षांचा घोडा! ॲसिड हाताळतो, आईला घाबरतो. संतापले. मग आठवलं, मीही त्याच जातीची. निदान तो म्हणाला तरी, जमणार नाही म्हणून.
येते म्हटलं. पुढच्या रविवारी, पनवेलला.

३ फेब्रु., शनिवार
पनवेलला जाणार हे रविवारीच घरी सांगितलं. तेव्हापासून आई कामापुरतं बोलली. पप्पा पेपराआड. आज संध्याकाळी ताटं घेतली आणि आई वाढेचना. कढईत डाव धरून उभी.
"आजचं खरं?" किती वर्षांनी.
"भीती वाटतेय."
वाढलं. मग : "मीपण येते उद्या."
"बोलणार मी."
"बोल की. मी कुठं काय म्हणतेय." मग हळूच, "अडलीस तर पुढचं सांगेन."
सर्दीपडसं सांगेल की सात पंचे, देव जाणे. विचारलं नाही.
जेवण झाल्यावर बरणीमागे हात घातला तर पट्टी नव्हती. टेबलावर होती, मिठाच्या वाटीशेजारी.
आत्याला अजून कळवलेलं नाही. त्याची गरज पडणार नाही, सावंतकाकू आहेत.