पाणी गढूळ आहे

७ मे
तीन दिवसांची समुद्राची ट्रिप ठरली. किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरून मासे बघायचे, बोटवाल्यांच्या नादी लागायचं नाही. स्पॉट शोधायचं खातं माझ्याकडे. मुलीला शब्द दिलाय, निदान दहा जातींचे मासे. ती नऊ वर्षांची, पोहायला नुकतीच शिकलीय. वर्गभर सांगून आली की आमचे बाबा कॉलेजात स्विमर होते. होतो म्हणजे, पूलवर जायचो. कडेचा बार कधी सोडला नाही, पण जायचो रोज.

११ मे
मास्क आणि नळी आली. घालून आरशात पाहिलं तर सगळं धुरकट. हिला म्हटलं, आरसा पुसत जा जरा. म्हणाली, सकाळीच पुसलाय. वाद घातला नाही.
संकल्प : रोज दहा मिनिटं बादलीत तोंड घालून श्वासाचा सराव.

१२ मे
बादलीला वास येतो. सराव उद्यापासून.

१६ मे, सकाळी
पोचलो. भाड्याचं घर अगदी पाण्याच्या काठावर. नकाशावर चौदा स्पॉट मार्क केलेत. घरमालकीणबाई म्हणाल्या, कशाला वणवण करता, ओहोटीला आपल्या पायऱ्यांखालीच मासे येतात, कमरेएवढ्या पाण्यात. हसलो नुसता. दारात मासे असते तर मी दोन रात्री रिसर्च कशाला केला असता?

१६ मे, दुपारी ३
स्पॉट एक : खडक धारदार. दोन : लाटा. तीन : चिटपाखरू नाही, म्हणजे धोका. चार : फारच गर्दी. मुलगी प्रत्येक ठिकाणी पोहायचा ड्रेस घालून तयार. म्हटलं, आधी मी चेक करतो, मग तू.

१७ मे
स्पॉट पाचला एकटाच गेलो. पाणी घोट्याला लागलं, मग मांडीला. तोंड आत घालायची वेळ आली आणि परत फिरलो. घराच्या मागच्या नळाखाली डोकं भिजवलं, मास्कही भिजवला. सांगितलं, पार आतपर्यंत जाऊन आलो, पाणी गढूळ आहे, काही दिसत नाही. तिनं मास्क हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग तो घेऊन खोलीत गेली. दमली असेल.
जेवताना तिच्याकडे बघवेना. लाज वाटली. उद्या नक्की उतरणार.

१८ मे, सकाळी ८
पाठ धरलीय. मुलगी मास्क घेऊन घरमालकीणबाईंबरोबर पायऱ्यांखाली गेली. बाई साठीच्या, कपडे खोचून पाण्यात उभ्या. खिडकीतून बघतोय. मुलगी पालथी तरंगते, मग उठून बोटं नाचवत आकडा ओरडते. आत्ता अकरा म्हणाली.

१८ मे, ९.३०
वर आली. थंडीनं कुडकुडत होती. विचारलं, काय काय दिसलं? म्हणाली, काही नाही बाबा, तुम्ही म्हणालात तसंच, पाणी गढूळ आहे.
आणि मी म्हणालो, बघ, सांगितलं नव्हतं? तोंडातून निघून गेलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती, तिनं वर पाहिलं नाही.

१८ मे, ११
बॅग भरताना मास्कची पेटी उघडली. आत पातळ, धुरकट प्लास्टिक, काचेच्या मापाचं. नव्या मास्कवर चिकटवलेलं असतं ते. सोलून, चार घड्या घालून, कोपऱ्यात ठेवलेलं. म्हणजे तिला कालच कळलं होतं.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेले नऊ स्पॉट खोडून टाकले. ते अकरा कोणकोणते, हे विचारायची आता सोय राहिली नाही.