घटात रुतलेली स्प्रिंग

शिराळा,
नवरात्राची सातवी माळ

दोस्त नाथाजीस,

हंबीररावाचा रामराम. तुझी मेंढरं, तुझे गुडघे आणि वहिनी खुशाल असतील अशी आशा आहे. (क्रम तू मागच्या पत्रात लिहिलास तोच ठेवलाय, वहिनींनी माझ्यावर रागावू नये.) दहिवडीकडं यंदा बरा पाऊस झाला म्हणे. ऐकून बरं वाटलं. इकडं राहीबाईची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम.

माझं परवान्याचं पिस्तूल तुला ठाऊक आहे. गेल्या दसऱ्याला पूजेत मांडण्यासाठी ते खोलून साफ केलं आणि परत जोडायला मला पाऊण तास लागला. सुट्टीवर आलेला धैर्यशील, म्हणजे पोरगा, सगळ्यांदेखत म्हणाला, “आबा, फुडच्या दसऱ्याला एकट्यानं जोडलंसा तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर ठाण्यात जमा करू.” मी लगेच “व्हय” म्हणून बसलो. पलटणीच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं हत्यारं जोडलेल्या माणसाला ही अट म्हणजे लग्नात अक्षता टाकता येतील का, असं विचारण्यासारखंच.

पण श्रावणात सांगलीच्या क्लबात सरावाला गेलो आणि पिस्तूल दोनदा अडकलं. नाथाजी, रंगरुटांना मी काय सांगायचो, आठवतं? मनगट ढिलं पडलं की पिस्तूल अडकतं, उगाच स्प्रिंगला बोल लावू नका. मी स्प्रिंगला बोल लावला. गोळी सुटल्यावर झटक्यानं मागं आलेला वरचा भाग पुन्हा जागेवर नेणारी ही करंगळीएवढी वस्तू. बावीस वर्षं ती मुकाट दाबली जात होती, तिचं मी एकदाही कौतुक केलं नाही, आणि पहिल्या अडचणीला दोष मात्र तिला दिला. (असं घरातल्या आणखी कुणाच्या बाबतीत झालंय का, असं राहीबाईनं विचारलं. मी चहा मागितला.) मग सांगलीतच नवी घेतली, दुकानात होती त्यातली सगळ्यात कडक. दुकानदार सांगत होता, “आवं सुभेदार, ह्या पिस्तुलाला इतकी कडक नगं, लय तरास दील.” पण जुनी दमलीय, असं मी ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या माळेला देवघराच्या उंबऱ्याशी बसलो. गोळ्या कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला, सगळं नियमानं. नवी स्प्रिंग अंगठ्यानं दाबली, अर्ध्यापर्यंत गेलीही, आणि अंगठ्यानं दगा दिला. टण्ण करून ती कुठं गेली ते देवालाच माहीत. (हे मी सहज म्हणालो होतो, पण ते अगदी खरं निघालं.) दोन दिवस मी घर झाडत होतो. काठीला लोहचुंबक बांधून कणगीखाली फिरवलं, तर राहीबाईची सहा वर्षांपूर्वी हरवलेली अडकित्ती सापडली आणि ती हरवल्याबद्दल मी कुणाकुणाला बोललो होतो, याची उजळणी झाली.

पाचव्या माळेला घटाला पाणी घालताना आमच्या सूनबाईला, अंकिताला, ती दिसली. घटाच्या मातीत उभी रुतलेली, आणि गव्हाचा एक कोंब तिच्या वेढ्यांतून वर आलेला. मी हात पुढं केला तशी राहीबाई कडाडली, “घटाला हात लावायचा न्हाई! दसऱ्याला घट उठला की मग घ्या.” आता रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत नव्या स्प्रिंगला पाणी घातलं जातं. जन्मभर पोरांना गंजाबद्दल शिव्या दिल्या आणि आता गंज चढताना हात जोडून उभा असतो. पाण्याऐवजी थोडं तेल चालेल का, असं मी विचारलं होतं. त्यावर जे ऐकलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तर दसऱ्याला तू ये. पिस्तूल जोडताना सहज म्हणून माझ्या डाव्या अंगाला बस आणि धैर्यशीलची नजर चुकवून तुझा अंगठा दे, एवढंच. पिस्तूल गेलं तर मला सुभेदार म्हणायला घरात उरेल काय, याची मला भीती वाटते. खरं सांगतो.

वहिनींना नमस्कार, मेंढरांना माया.

तुझा
हंबीरराव

ता. क. : वर्कशॉपात तू एकदा स्प्रिंग उडवून हरवली होतीस आणि मी तुला भर उन्हात ग्राउंडच्या दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. ती स्प्रिंग त्याच संध्याकाळी माझ्या पँटच्या दुमडीत सापडली. अडतीस वर्षं सांगायचं राहून गेलं.

ता. क. २ : पाकीट चिकटवायच्या आधी जुनी स्प्रिंग काढून मोजली. सूतभरही आखडलेली नाही. मग तीच बसवून पाहिली. तीनदा दाबली, तिन्ही वेळा निसटली. चौथ्यांदा माझ्यासमोर अंकितानं धरली, मी नुसतं तोंडानं सांगत गेलो, आणि पहिल्याच झटक्यात बसली. पोरगी म्हणाली, “आबा, तुमी सांगतासा लय झ्याक.”

तेव्हा अंगठा द्यायला येऊ नकोस. दसऱ्याची पूजा झाली की पिस्तूल मीच ठाण्यात नेऊन देणार आहे. अंकिता गाडीवर सोडते म्हणते, पण मला चालत जायचंय. आमच्या वस्तीपासून ठाणं चार किलोमीटर आहे, बरोबर ग्राउंडच्या दहा फेऱ्या. तेवढ्या माझ्याबरोबर चाल, गड्या. या खेपेला मी मारतो, तू नुसता सोबतीला ये.