माझं डोकं फर्स्ट क्लास आहे

२ जानेवारी, सकाळ
नवीन वर्ष, नवीन सुकलाल. गेल्या उन्हाळ्यात लूम-खात्याच्या, म्हणजे मागाच्या कारखान्याच्या, पत्र्यावरून पडलो, मणका गेला, कंबरेखालचं काही कळत नाही. पण डोकं फर्स्ट क्लास! संकल्प केले. पहाटे उठून हातांचा व्यायाम. मोबाईलवर साडीचं डिझाइन शिकणं. रंजनावर न ओरडणं. होळीपर्यंत खात्यावर पुन्हा कारागिरांचा मास्तर म्हणून हजर, व्हीलचेअरवर बसून का होईना.

३ जानेवारी
पहाटे उठलो नाही. झोपच लागली नव्हती, तर उठणार कशातून? व्यायाम सोमवारपासून. रंजनावर ओरडलो, पण हळू आवाजात.

९ जानेवारी
सोमवार आला आणि गेला. रंजना घरीच साड्यांना लेस लावायचं काम करते. तिला उजेड हवा, म्हणून खिडकी उघडू का विचारते. नको म्हणालो. उन्हाने मोबाईलचा स्क्रीन दिसत नाही. डिझाइनचं ॲप अजून घेतलेलं नाही, पण तयारी आधीपासून हवी.
ताट तसंच परत गेलं. बसून राहणाऱ्या माणसाने कमीच खावं.

१४ जानेवारी, दुपार
उत्तरायण, आपली संक्रांत. आमची सगळी नवागाम वस्ती पतंग घेऊन गच्चीवर. शेजारचे चौघे मला खुर्चीसकट वर न्यायला आले होते. म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मला काम आहे. गेले! पुन्हा एकदाही विचारलं नाही. रंजनालाही म्हटलं, तू जा. ती दारात जरा थांबली, मग तीही गेली. जा म्हणजे जा असं थोडंच असतं?
वर पतंग कापल्याचा आरडाओरडा. मी भिंतीकडे तोंड करून पडलोय. लोक याला भलतंच नाव देतील. मी याला विचार करणं म्हणतो.

१९ जानेवारी
दोस्ती खलास.
धर्मेंद्र, कामरेजचा. उसाच्या ट्रॅक्टरवरून पडून त्याचाही मणका गेला. दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. तिथेच ठरलं होतं, पाय गेले तर गेले, वेड्यांच्या डॉक्टरकडे दोघांपैकी कोणी जायचं नाही. आज फोनवर आरामात सांगतो, सुकाभाऊ, मी पावसाळ्यापासून डिप्रेशनची गोळी घेतोय, झोप लागते आता. दर मंगळवारी आम्हा खुर्चीवाल्यांची मीटिंग असते, तू पण ये.
पावसाळ्यापासून! आणि मी रोज त्याला सांगत होतो, आपण दोघं एकदम फिट. तोही हो हो म्हणायचा. फोन कापला. त्याने पुन्हा केला. उचलला नाही. त्यानंतर केलाच नाही. यावरून माणूस कळतो.

२६ जानेवारी
प्लॅन पक्का. उद्या मीटिंगला जायचं आणि सगळ्यांसमोर धर्मेंद्रला उघडं पाडायचं. रंजनाला सांगायची गरज नाही. मंगळवारी दुपारी ती तयार साड्या पोचवायला जाते.

२७ जानेवारी, संध्याकाळ
शेजाऱ्यांनी रिक्षात बसवून दिलं. हॉलच्या दारात पोचलो आणि आतून ओळखीचा आवाज आला. रंजना. माइक हातात घेऊन. शेजारी धर्मेंद्र.
घरची अहिराणी तिने चारचौघांत काढली. म्हणाली, मना माणूस घरमा शे, पन मनाजोडे नही. म्हणजे नवरा घरात आहे, पण माझ्याजवळ नाही. मग सांगितलं, हे जेवत नाहीत, अंधारात पडून राहतात. दिवाळीनंतर एकदा म्हणाले, मी गेलो की तू मोकळी होशील. तेव्हापासून घरातल्या सगळ्या गोळ्या मी साड्यांच्या पिशवीत घालून बरोबर घेऊन फिरते.
ते मी चेष्टेत म्हणालो होतो. बायकोला चेष्टा कळत नाही, हा माझा दोष आहे का?
तिने मला पाहिलं. थांबली नाही. पूर्ण बोलून मग खाली बसली. धर्मेंद्रने खुर्ची सरकवून माझ्यासाठी जागा केली. मी दारातच राहिलो. महिनोन् महिने हे दोघे मंगळवारी भेटतात, आणि घरी माझ्या देखत ती त्याला फोनवर विचारते, काय भाऊ, बरे आहात ना? मीच एकटा खरा बोलणारा निघालो.

२८ जानेवारी
दिवसभर शांतपणे विचार केला. आजारी रंजना आहे. चेहरा उतरलाय, नीट झोपत नाही, गोळ्या लपवते. तिला डॉक्टरची गरज आहे आणि नवरा म्हणून तिला नेणं माझं काम. तसं सांगितलं. तिने एका शब्दाने वाद घातला नाही, लगेच चपला पायात घातल्या. म्हटलं, आज नाही, नंबर लावावा लागतो. नंबर तिने आधीच लावलेला होता. हे संशयास्पद आहे.

३ फेब्रुवारी
डॉक्टर वृषाली मॅडम. वयाने लहान, पण ऐकून घेतात. रंजनाला बाहेर बसवलं आणि पेशंटची सगळी माहिती द्यायला मी एकटा आत गेलो. सांगत सुटलो. झोप नाही. जेवण नाही. चिडचिड. कोणी भेटायला आलं की झोपेचं सोंग. सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली? दाढी करावीशी वाटत नाही.
मॅडम म्हणाल्या, दाढी?
दुसरं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तोंडही फितूर झालं. रडायला लागलो, ते आवरेचना. मॅडमनी घाई केली नाही. नंतर म्हणाल्या, मणक्याला मार बसलेल्या बऱ्याच जणांना हे होतं. पाय जाणं तुमच्या हातात नव्हतं, तसंच हेही नाही. पण यावर उपाय आहे.
बाहेर आलो. रंजना उठून उभी राहिली. काय म्हणाल्या, विचारलं.
गोळी लिहून दिलीय, म्हणालो.
कोणाला?
खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणालो, मला.