पाण्यावरचं तेल

४ मे १९७५
आजही हंड्यात तेल! शेजारच्या राहीकाकूंनी पदरातून दोनदा गाळलं, तरी वास जाईना. "तुज्या बानं आमच्या पोटात इंजिन बसवलंय गं!" घाटावर सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येताना मात्र लाज वाटली. लाँच आबाच चालवतात. इंजिनाखाली साठलेलं डिझेलचं काळं पाणी रोज घाटाशीच उपसून टाकतात. कोयनेचं धरण भरल्यापासून गावाला बाहेर जायला ही एकच लाँच — आणि प्यायला हेच पाणी.

६ मे
साताऱ्याला बी.एड.ला नाव लागलं!! कॉलेज सोळा जूनला सुरू. आई रडली. आबा "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि दोनदा चहा प्याले.

९ मे
आबांना सांगितलं, इंजिनाखालचं ते काळं पाणी पिंपात साठवा. तेल वर येतं, काढून घेता येतं.
"आन् पिंप ठिवू कुठं? तुज्या डोक्यावर?"
बी.एस्सी. झाले, पण घरात कोण ऐकतंय!

१५ मे
लाँचच्या कचेरीतले साहेब आले होते. भरलेला हंडा त्यांच्यापुढं धरला. "घ्या, प्या." प्याले नाहीत. आबांनी मान खाली घातली. "बरोबर बोललात, ताई," साहेब म्हणाले. मला फार अभिमान वाटला — खोटं का लिहू?

१८ मे
लाँच बंद! तेलकट पाणी साठवायची सोय होईपर्यंत कचेरी डिझेल देणार नाही म्हणे. मी हे मागितलं नव्हतं.

२९ मे
गाव कोंडलंय. बाजार नाही, दवाखाना नाही. विकायला काढलेली करवंदं पाट्यांतच सुकली. पाणी नितळ झालंय, तळातले दगड दिसतात. मी घाटावर गेले की बोलणं थांबतं. आज राहीकाकू तेवढ्या बोलल्या — "पाणी लय ग्वाड झालं बाई. बसू आता त्येच्याकडं बघत."
आबा रोज जाऊन बंद लाँच धुऊन येतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ जून
साहेब पल्याडच्या गावातली लहान होडी करून आले. घाटावर पिंप देतील, डिझेलही देतील. पण रोज तेल काढून घ्यायला गावातलं जबाबदार माणूस हवं, वर्षभर. "या ताई असतील, तर आजच हुकूम काढतो."
सरपंच दादासो म्हणाले, "बंद तू केलीस पोरी, चालू बी तूच कर."
आबा उसळले — "माजी पोर शिकाय जानार हाय! लाँच बुडाली तरी चालंल!"
उद्या सांगते म्हटलं. साहेबांना घेऊन आलेला होडीवाला हळूच म्हणाला, "तुला येकटीला पल्याड सोडतो, आक्का."

१६ जून
कॉलेज आज सुरू झालं असेल. माझं काम घाटावरच्या पिंपाशी. लाँचची पहिली फेरी वेळेवर निघाली. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. दोरी मीच सोडली.